पूल तोलणारी तार

जून २०२४ मध्ये डेट्रॉइट नदीच्या दोन्ही काठांवरून पुढे सरकत आलेले गॉर्डी हाउ पुलाचे दोन भाग नदीच्या मधोमध जोडले गेले. बातम्यांत एकच आकडा झळकला: मुख्य गाळा ८५३ मीटर, उत्तर अमेरिकेतल्या केबल-स्टेड, म्हणजे मनोऱ्यांपासून तिरप्या केबलींनी तोललेल्या, पुलांमध्ये सर्वांत लांब. पण विक्रम टिकत नाहीत. त्याच नदीवरचा अँबॅसडर पूल १९२९ मध्ये खुला झाला तेव्हा त्याचा ५६४ मीटरचा गाळा जगात सर्वांत लांब होता. दोनच वर्षांत न्यूयॉर्कच्या पुलाने त्याला मागे टाकले. तरीही अमेरिका-कॅनडा व्यापारातला सुमारे पाव हिस्सा माल त्याच पुलाने वाहिला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये आंदोलकांनी तो अडवला, तेव्हा मोटारींच्या कारखान्यांचे काम काही दिवसांतच विस्कळीत झाले.

अँबॅसडर पुलाची खरी गोष्ट मात्र त्याच्या तारेत आहे.

पोलादी तार बळकट करण्याची जुनी रीत म्हणजे ती थंडच ओढायची. सोनार जंतराच्या भोकांतून तार काढतो, तेच हे. प्रत्येक भोकातून जाताना तार बारीक होते आणि ताठरही. म्हणून तर सोनार ती मधूनमधून तापवून मऊ करतो. पूल बांधणाऱ्याला नेमका तो ताठरपणा हवा असतो. अँबॅसडरसाठी मात्र उष्णतेची प्रक्रिया केलेली नवी तार निवडली गेली. ताणाच्या चाचणीत ती सरस ठरली होती.

अँबॅसडर बांधणाऱ्या कंपनीनेच ऱ्होड आयलंडमधल्या माउंट होप पुलावरही ती वापरली होती. १९२९ च्या सुरुवातीला तिथे तारा तुटलेल्या आढळल्या, त्याही टोकाशी, जिथे केबल जखडणाऱ्या नांगरात तार वळते तिथे. सरळ ताणात पास झालेली तार वाकवल्यावर नापास झाली होती. दोन्ही पुलांवरच्या केबली उतरवल्या गेल्या आणि थंड ओढलेल्या तारेने पुन्हा विणल्या गेल्या. विणलेली केबल उतरवण्याचा तो निर्णय मला कुठल्याही विक्रमापेक्षा मोठा वाटतो.

ओढल्याने धातू ताठर का होतो, याचे उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हते. स्फटिकांच्या रचनेतले दोष सरकतात म्हणून धातू वाकतो, हे टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी १९३४ मध्ये, स्वतंत्रपणे, मांडले. तार ओढताना हे दोष इतके वाढतात की एकमेकांत गुंतून अडकतात, आणि अडकलेला दोष सरकत नाही. जंतर चालवणाऱ्यांच्या हाताला हे शतकानुशतके ठाऊक होते. केबल-स्टेड पुलांच्या केबलींमधले सात-सात तारांचे पेडही आज थंड ओढलेल्या तारेचेच असतात.