तेलयुक्त सांडपाण्याचे पटल-गाळण

तेलयुक्त सांडपाण्याचे पटल-गाळण : अतिसूक्ष्म छिद्रे असलेल्या पातळ पटलातून दाबाखाली पाणी पार करून तेलाचे थेंब मागे रोखण्याची क्रिया. साध्या उपायांनी वेगळे न होणारे, पायसाच्या रूपात विखुरलेले तेल काढण्यासाठी तिचा मुख्यत्वे उपयोग होतो. यंत्रशाळांतील वापरलेली कर्तन तेले (कामगारांच्या बोलीत ‘कूलंट’), धातूचे पत्रे लाटण्याचे कारखाने, खनिज तेलाबरोबर विहिरीतून वर येणारे पाणी आणि जहाजांच्या तळाशी साचणारे पाणी ही अशा सांडपाण्याची प्रमुख उगमस्थाने होत.

तेल पाण्याहून हलके असल्याने ते आपोआप वर येईल, ही समजूत मोठ्या थेंबांपुरतीच खरी आहे. स्टोक्स यांच्या नियमानुसार थेंब वर येण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. पाण्याच्या ०·९ पट घनता असलेल्या तेलाचा १५० मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचा थेंब १ मी. खोल पाण्यातून सु. १४ मिनिटांत वर येतो. १० मायक्रोमीटर व्यासाच्या थेंबास दोन दिवसांहून अधिक काळ लागतो, तर १ मायक्रोमीटरच्या थेंबास सु. सात महिने लागावेत. प्रत्यक्षात टाकीतील किरकोळ प्रवाहांमुळेही असा थेंब वर येऊ शकत नाही. शिवाय कर्तन तेलात पृष्ठसक्रिय द्रव्ये मुद्दाम मिसळलेली असतात. त्यांचे आवरण थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाही व दुधाळ पायस दीर्घकाळ टिकते. यंत्रावर हवाहवासा असलेला हा गुणच पाणी बाहेर सोडताना अडचणीचा ठरतो. आम्ल किंवा तुरटी घालून पायस फोडता येते; परंतु तुरटीमुळे तेलाने माखलेला गाळ मोठ्या प्रमाणावर तयार होतो. भारतात पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांखालील सर्वसाधारण मानकांनुसार भूपृष्ठावरील जलाशयात सोडावयाच्या पाण्यात तेल व ग्रीज यांचे प्रमाण लिटरमागे १० मिग्रॅ.पेक्षा अधिक चालत नाही. एक टक्का तेल असलेल्या पायसात हेच प्रमाण सु. १०,००० मिग्रॅ. असते.

जर्मन शास्त्रज्ञ हाइन्‍रिख बेखोल्ड यांनी १९०७ मध्ये कलोडियनाच्या पटलांतून कलिले गाळून या क्रियेस ‘अतिसूक्ष्म गाळण’ या अर्थाची संज्ञा दिली. तथापि जाड पटलातून पाणी फार सावकाश झिरपे. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब व भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटाचे असममित पटल तयार केले. त्याची वरची अत्यंत पातळ त्वचा गाळण्याचे काम करते व खालचा सच्छिद्र थर तिला केवळ आधार देतो. हे पटल समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी होते. पण त्याच रचनेमुळे पुढे औद्योगिक सांडपाण्याचे गाळणही व्यवहार्य झाले. [→ तर्षण].

सूक्ष्म गाळणाच्या पटलातील छिद्रे साधारणपणे ०·१ ते १० मायक्रोमीटर, तर अतिसूक्ष्म गाळणाच्या पटलातील छिद्रे सु. ०·००२ ते ०·१ मायक्रोमीटर व्यासाची असतात. केवळ छिद्राहून थेंब मोठा म्हणून तो अडतो, असे मात्र नाही. वाळूचा कण आकार बदलत नाही, तेलाचा थेंब बदलतो. पुरेसा दाब दिल्यास तो लांबट होऊन छिद्रातून निसटतो. त्याला रोखणारा केशाकर्षी दाब आंतरपृष्ठीय ताणाच्या समप्रमाणात व छिद्राच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. पाण्याने भिजणाऱ्या पटलात ०·१ मायक्रोमीटर व्यासाचे छिद्र व मीटरला ५ मिलिन्यूटन ताण धरल्यास हा दाब सु. २ वातावरणे येतो. तेल आणि शुद्ध पाणी यांमधील ताण याच्या कित्येक पट असतो. म्हणजे पृष्ठसक्रिय द्रव्ये जितकी अधिक, तितका थेंब सहज निसटतो. पाणी लवकर गाळण्याच्या हव्यासाने पंपाचा दाब वाढविल्यास पार झालेले पाणी गढूळ होते, ते याच कारणाने.

दाब वाढविण्यात दुसराही तोटा आहे. अडलेले थेंब पटलालगत दाटतात, त्यांचा थर बनतो व पाण्याचा वेग वाढण्याऐवजी स्थिरावतो, नंतर घटतो. आर्. डब्ल्यू. फील्ड व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये सूक्ष्म गाळणासाठी क्रांतिक प्रवाहाची कल्पना मांडली. या मर्यादेखाली पटल चालविल्यास ते लवकर तुंबत नाही. म्हणून द्रव पटलावर सरळ न दाबता त्याला समांतर, नळीतून सेकंदाला काही मीटर वेगाने खेळविला जातो. ऊर्जेचा मोठा वाटा या खेळविण्यातच खर्च होतो. पाणी २०° से.वरून ५०° से.पर्यंत तापविल्यास त्याची श्यानता जवळजवळ निम्मी होते व गाळण त्या मानाने जलद होते.

पटलासाठी पॉलिसल्फोन, पॉलिव्हिनिलिडीन फ्ल्युओराइड यांसारखी बहुवारिके किंवा अ‍ॅल्युमिना, झिर्कोनिया यांसारखी मृत्तिकाद्रव्ये वापरतात. मृत्तिकापटले महाग व ठिसूळ, पण उष्णता व दाहक सोडा सोसणारी असतात. वारंवार धुवावे लागणाऱ्या पटलाचा हा फार मोठा गुण होय. चिनी संशोधकांनी २००९ मध्ये माशांच्या खवल्यांचे पाण्याखालील तेलरोधक गुणधर्म वर्णन केल्यानंतर तेल न चिकटणाऱ्या पृष्ठभागांवर पुष्कळ काम झाले. प्रयोगशाळेत काही तास चांगला चाललेला पृष्ठभाग कारखान्यातील लोखंडी कीस, जीवाणू व साबण यांच्यापुढे महिनोन्‌महिने टिकेलच असे नाही; त्या कसोटीवर न उतरलेल्या पटलाची किंमत कागदावरील आकड्यांवरून करू नये.

मोकळे तेल व घन कण आधी काढून टाकणे आवश्यक असते. दोन टक्के तेल असलेल्या १०० लि. पायसातील तेल ४० टक्क्यांपर्यंत दाट केल्यास ५ लि. द्रव मागे राहतो व ९५ लि. पाणी निघते. हे पाणी स्वच्छ दिसले, तरी त्यात विरघळलेली ग्लायकॉले, जीवाणुनाशके व काही पृष्ठसक्रिय द्रव्ये पटलातून सहज पार झालेली असतात. त्यामुळे त्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी बरीच अधिक राहते आणि त्यावर जैव संस्करण किंवा व्यस्त तर्षण करावे लागते. मागे राहिलेल्या ५ लि.मधील तेल आम्ल व उष्णता देऊन सोडवितात अथवा जाळतात. भारतात अशा तेलयुक्त अवशेषांची विल्हेवाट घातक अपशिष्टविषयक २०१६ च्या नियमांनुसारच लावावी लागते.