तुरुंगातले औषधपाणी आणि सरकारी तिजोरी

एखाद्या बड्या कैद्याला तुरुंगातून इस्पितळात हलवल्याची बातमी वर्तमानपत्रात छापून आली की माझ्या जुहूच्या दवाखान्यात बाकावर बसलेल्यांची चर्चा रंगते. "आम्ही रांगेत उभे राहायचे, पदरचे पैसे मोजायचे, आणि यांचे औषधपाणी सरकारी खर्चाने!" असा सूर हमखास निघतो. ही तक्रार मला अगदीच गैरवाजवी वाटत नाही. तिजोरीतला पैसा आपलाच असतो, आणि तो कुठे जातो हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. मात्र हा खर्च आटोक्यात कसा ठेवायचा, याचे डॉक्टरी उत्तर लोकांना वाटते त्याच्या बरोबर उलटे आहे.

आधी तुरुंगात असते कोण, ते पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ सालाअखेर देशभरातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती. त्यांतली सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. महाराष्ट्रातली संख्या चाळीस हजारांच्या आसपास होती. यांतले पुष्कळजण काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जामिनावर सुटून घरी येतात. तुमच्या-आमच्या गल्लीत, एस. टी. त शेजारच्या बाकावर. तेव्हा तुरुंगात अंगाला चिकटलेला आजार तुरुंगातच राहतो असे कोणी समजू नये.

दुसरे असे की, कैद्याला डॉक्टर देणे ही सरकारने हौसेने केलेली मेहेरबानी नव्हे. इंग्रजांनी केलेल्या १८९४ च्या कारागृह कायद्यातच प्रत्येक तुरुंगात रुग्णालय किंवा आजाऱ्यांसाठी योग्य जागा असावी, नव्या कैद्याची वैद्यकीय तपासणी व्हावी आणि आजारी कैद्याची खबर डॉक्टरला विनाविलंब मिळावी, असे लिहिलेले होते. साहेबाला कैद्यांचा फार कळवळा होता असे नाही. एका बराकीत पटकी शिरली की पहारेकरीही वाचत नाहीत, एवढा व्यवहार त्याला कळत होता. १९९६ साली राममूर्ती विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांचे नऊ मुख्य प्रश्न मांडले. त्यांत गर्दी, रेंगाळणारे खटले आणि आरोग्याकडे होणारे दुर्लक्ष हे तिन्ही होते. हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, ते पुढे येईलच.

आता खर्चाकडे वळू. माझ्या मते तुरुंगातल्या औषधपाण्याचा खर्च वाढेल की घटेल, हे बरेचसे पहिल्या तीन दिवसांत ठरते. अटक झाली की कायद्याप्रमाणे त्या माणसाची वैद्यकीय तपासणी होते. आमच्या भागातून अटक झालेल्यांना पोलीस बहुधा कूपर रुग्णालयात आणतात. तिथे अंगावर मारहाणीच्या खुणा आहेत का, हे मुख्यतः पाहिले जाते, आणि ते पाहायलाच हवे. पण तुरुंगाच्या दारात दुसरी, सविस्तर तपासणी व्हायला हवी. कोणत्या गोळ्या चालू आहेत? साखर आहे का? फिट्स येतात का? दारू रोज किती? खोकला किती दिवसांचा?

दारूचे उदाहरण घ्या. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू अटकेमुळे एकाएकी सुटते. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना फिट येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो असंबद्ध बोलू लागतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, अंगावर धावून जातो. न जाणणाऱ्याला वाटते, नाटक करतो आहे. वास्तविक या अवस्थेत माणूस दगावू शकतो. पहिल्याच दिवशी ओळखले तर काही स्वस्त गोळ्या, बी-१ जीवनसत्त्व आणि चार-पाच दिवसांची देखरेख बहुतेकांना पुरते. ओळखले नाही तर अतिदक्षता विभाग, आणि कदाचित त्यानंतर कोठडीतील मृत्यूची चौकशी. खर्च कशात जास्त, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

फिट्सच्या गोळ्यांचेही तसेच. त्या दोन दिवस चुकल्या तरी एकामागून एक फिट येण्याचा धोका असतो. रक्तदाबाची साधी जेनेरिक गोळी दिवसाला रुपया-दोन रुपयांत मिळते. ती न मिळाल्यामुळे आलेला अर्धांगवायू मात्र राज्याला पुढची कित्येक वर्षे सांभाळावा लागतो.

मधुमेहाची गंमत वेगळीच. तुरुंगात संध्याकाळचे जेवण लवकर उरकतात आणि मग बराकीला कुलूप लागते. पुढचे खाणे सकाळी. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला एवढा लांब उपास झाला तर मध्यरात्री साखर घसरून तो बेशुद्ध पडू शकतो. यावर उपाय काय? इन्सुलिनची वेळ आणि मात्रा जेवणाच्या वेळेशी जुळवणे, रात्रीसाठी चार बिस्किटे किंवा भाकरीचा तुकडा जवळ ठेवू देणे, आणि बराकीतल्या दोघा-चौघांना लक्षणे शिकवून ठेवणे. यात खर्च जवळजवळ नाही. हवी ती फक्त एका समंजस अधिकाऱ्याची परवानगी.

पण तुरुंगातला सर्वांत महागडा आजार क्षयरोग, असे मी म्हणेन. कोंदट बराक, खांद्याला खांदा लावून झोपलेली माणसे, कमी उजेड, कमी वारा. क्षयाच्या जंतूला याहून चांगले घर कोणते? थुंकीत जंतू असलेला आणि उपचार न घेतलेला एक रुग्ण वर्षभरात दहा-पंधरा जणांना संसर्ग देऊ शकतो, असे आमच्या पुस्तकांत शिकवले जाते. हा हिशोब बाहेर मोकळ्यावर वावरणाऱ्या माणसाचा आहे. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा, आणि राष्ट्रीय कार्यक्रमातून औषधे मोफत. मात्र सुटका झाली, बदली झाली, तारखेला नेले, अशा कारणांनी गोळ्या मध्येच तुटल्या की जंतू औषधांना दाद देईनासा होतो. मग औषधे वेगळी, महाग, आणि त्यांचा त्रासही जास्त. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, घटलेले वजन, रात्रीचा घाम, एवढे चार प्रश्न प्रत्येक नव्या कैद्याला विचारून संशयिताची थुंकी त्याच दिवशी तपासायला पाठवणे, यासारखी स्वस्त गोष्ट दुसरी नाही.

आता अशा खर्चाकडे येतो जो औषधांच्या हिशोबात दिसतच नाही. कैद्याला बाहेरच्या इस्पितळात न्यायचे तर पोलीस पथक लागते, गाडी लागते. पंधरा मिनिटांच्या तपासणीसाठी दोन-तीन पोलिसांचा अख्खा दिवस मोडतो. बंदोबस्त निघाला, मंत्री आले, सण आला की पथक मिळत नाही आणि इस्पितळाची तारीख हुकते. पुढची तारीख महिन्यानंतरची. तोवर हर्निया अडकतो, पायाची जखम सडते, आणि जे काम बाह्यरुग्ण विभागात झाले असते त्यासाठी शस्त्रक्रियागृह उघडावे लागते. यावर दोन मार्ग आहेत. त्वचा, डोळे, दात, मानसोपचार यांचे तज्ज्ञ ठरलेल्या वारी तुरुंगातच यावेत. चाळीस कैदी बाहेर नेण्यापेक्षा एक डॉक्टर आत आणणे केव्हाही स्वस्त. आणि जुन्या दुखण्याची नुसती फेरतपासणी असेल तर ती व्हिडिओवर करावी. पोट हाताने दाबून पाहायचे असेल तिथे मात्र पडदा चालत नाही. ही सोय टाळाटाळीचे साधन होता कामा नये.

आमच्या शेजारच्या विलेपार्ल्याचे एक प्रकरण वाचकांना आठवत असेल. तळोजा कारागृहातले वयोवृद्ध कवी वरवरा राव यांना नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने नानावटी रुग्णालयात हलवले गेले, आणि खर्च राज्य सरकारने सोसावा असे न्यायालयाने सांगितले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांना प्रकृतीच्या कारणावरून जामीन मिळाला. खटल्याच्या राजकारणात मला शिरायचे नाही. ऐंशीच्या घरातल्या, अनेक व्याधींच्या माणसाला बराकीत ठेवले की खर्च अखेर कुठे जाऊन पोहोचतो, एवढेच त्यातून घ्यावे.

अमेरिकेने हा प्रश्न फी लावून सोडवायचा प्रयत्न केला. तिथे १९७६ सालीच सर्वोच्च न्यायालयाने कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून केलेले दुर्लक्ष घटनाबाह्य ठरवले होते. पुढे खर्च वाढला तेव्हा अनेक राज्यांनी डॉक्टरला भेटण्यासाठी कैद्याकडून थोडे पैसे घ्यायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियात ही फी पाच डॉलर होती. ऐकायला किरकोळ वाटते, पण तुरुंगातली मजुरी तासाला काही सेंट असेल तर माणूस छातीत दुखले तरी गप्प बसतो. त्याच कॅलिफोर्नियात तुरुंगांची वैद्यकीय व्यवस्था इतकी ढासळली की २००६ साली न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती ती द्यावी लागली. फी २०१९ मध्ये रद्द झाली. इंग्लंडने वेगळी वाट धरली. तिथे २००६ पर्यंत तुरुंगातली आरोग्यसेवा टप्प्याटप्प्याने सार्वजनिक आरोग्यसेवेकडे सोपवली गेली. मला हे पटते. डॉक्टरने तुरुंगाधिकाऱ्याच्या मर्जीत राहण्यापेक्षा आपल्या वैद्यकीय वरिष्ठाला जाब द्यावा, हे रोग्यालाही बरे आणि तिजोरीलाही.

राहिली गर्दी. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात मंजूर क्षमतेच्या कित्येक पट कैदी ही नित्याची गोष्ट आहे. मे २०२० मध्ये करोना आत शिरला तेव्हा पाहता पाहता दीडशेहून अधिक कैदी आणि वीसहून अधिक कर्मचारी बाधित झाले. हे कर्मचारी आपापल्या घरी जाणारे होते, हे लक्षात घ्या. त्यानंतर उच्चाधिकार समितीच्या निर्णयाने राज्यातले हजारो कैदी तात्पुरते सोडण्यात आले. जे साथीत जमले त्यासाठी साथीची वाट पाहण्याची गरज नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल तर त्याला सोडता येते. गंभीर गुन्ह्यांना व एकाहून अधिक खटले असणाऱ्यांना यात अपवाद आहेत. बराकीतली चार माणसे कमी झाली की खरूज, क्षय, जुलाब यांवरचा खर्च आपोआप उतरतो. खरजेचे तर असे आहे की संपूर्ण बराकीला एकाच दिवशी औषध लावले नाही तर ती पाहुण्यासारखी पुन्हा पुन्हा येते.

ज्यांच्या घरचे कोणी आत आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. जुने केसपेपर, औषधांची चिठ्ठी आणि शेवटचे रिपोर्ट यांच्या झेरॉक्स कारागृह अधीक्षकांकडे लेखी अर्जासोबत द्याव्यात, अर्जाची पोच घ्यावी, आणि एक प्रत वकिलामार्फत न्यायालयात ठेवावी. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो. आजारी किंवा दुर्बल आरोपीला जामीन देताना न्यायालयाला आजाराचा विचार करता येतो. त्यासाठी "तब्येत बरी नाही" हे शब्द पुरत नाहीत, कागद लागतात. बाहेरून गोळ्या परस्पर पाठवू नयेत, त्या आत पोहोचत नाहीत. आणि क्षयाचा उपचार चालू असताना माणूस सुटला, तर त्याचे उपचार कार्ड तुरुंगाच्या दवाखान्यातून मागून घ्यावे आणि दुसऱ्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे. गोळ्या तिथे मोफत मिळतात, आणि तो कुठून आला हे तिथे सांगायला संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.