घर कशाने मोडते?

पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा-जव्हारच्या डोंगरात भाताची झोडणी उरकते, नाचणी-वरई घरात येते आणि दिवाळी सरली की पाड्यांवरची घरे बंद होऊ लागतात. नवरा-बायको, कडेवरचे मूल, भांडीकुंडी, असतील तर कोंबड्या, सगळे टेम्पोत चढते आणि भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांची वाट धरते. बयाणा, म्हणजे मजुरीची आगाऊ उचल, बहुधा आधीच घेतलेला असतो, कधी आजारपणासाठी, कधी लग्नासाठी, कधी पावसाळ्यात कणगी रिकामी झाली म्हणून. तो फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही. मुलांची शाळा सुटते, थकलेला माणूस दारूकडे वळतो, घरात मारहाण सुरू होते. मग बाहेरचे लोक सहज म्हणतात, ‘पितात, म्हणून यांची घरे बसतात.’

घर कशाने मोडते, हा प्रश्न बायबलने फार बारकाईने हाताळला आहे. याच जिल्ह्यातल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले आणि त्याला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला. धर्म कोणताही असो, संसार करणाऱ्या प्रत्येकाने या ग्रंथातला घराविषयीचा विचार वाचावा, असा तो आहे.

उंबऱ्याच्या आत

बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाचे ३१ अध्याय आहेत. तापट जीभ, आळस, हाव, रोजची कटकट हे घराचे शत्रू त्यात पुन्हा पुन्हा भेटतात. तेविसाव्या अध्यायातले दारुड्याचे वर्णन तर आजच्या गूळ-नवसागराच्या गुत्त्यासमोर उभे राहून केल्यासारखे आहे. डोळे तांबारलेले, अंगावर विनाकारण झालेल्या जखमा, मार बसला तरी पत्ता नाही आणि जाग येताच पुन्हा पेल्याचीच आठवण.

दुसरा शत्रू आहे मुलांमधला दुजाभाव. ‘उत्पत्ति’ या पुस्तकात बाप इसहाकाचा जीव थोरल्या एसाववर आणि आई रिबकाचा धाकट्या याकोबावर. त्यातून भावाभावांत वैर आले आणि याकोबाला घर सोडून पळावे लागले. पुढे याकोबानेही आपल्या मुलांपैकी योसेफावर तशीच वेगळी माया केली. भावांनी योसेफाला व्यापाऱ्यांच्या हाती विकले. आईबापांची चूक मुलांच्या पिढीत कशी उतरते, याचे इतके स्पष्ट चित्र क्वचित सापडते. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात राग दिवस मावळायच्या आत सोडा, अशी सूचना आहे आणि बापांनी मुलांना चिडीस आणू नये, असेही बजावले आहे. रोमन जगात बापाची सत्ता जवळजवळ अमर्याद होती. अशा काळात बापालाच मर्यादा घालणे हे धाडसाचे होते.

उंबऱ्याच्या बाहेरून

पण बायबल एवढ्यावर थांबत नाही. घर बाहेरूनही मोडले जाते, हे त्याला नेमके ठाऊक आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चोविसावा अध्याय पाहा. सावकाराने गहाण वस्तू घ्यायला कर्जदाराच्या घरात शिरायचे नाही, बाहेर थांबायचे. जाते गहाण घ्यायचे नाही, कारण त्यावर घराचे पोट चालते. गरिबाचे पांघरूण रात्र होण्याआधी परत करायचे. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यायची. आणि नुकतेच लग्न झालेल्या पुरुषाला वर्षभर लढाईला किंवा कुठल्या कामगिरीवर पाठवायचे नाही. त्याने घरी राहून बायकोला सुखी ठेवायचे.

हा शेवटचा नियम आपल्या भागात वाचताना मन अस्वस्थ होते. डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात लग्नगडी ही पद्धत होती. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घेतले की नवरा-बायको दोघेही त्याचे वेठबिगार. संसार सुरू व्हायचा तोच गुलामीने. १९४५ च्या वारली आदिवासींच्या उठावाने या पद्धतीवर घाव घातला. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये ती हकिकत लिहून ठेवली आहे. पुढे १९७६ च्या कायद्याने देशभरातली वेठबिगारी बेकायदा ठरली आणि तिच्यामागचे कर्जही रद्दबातल झाले. तरी बयाण्याने माणूस बांधला जातो तिथे जुनीच गोष्ट नव्या नावाने चालू राहते.

कर्जाने घर बांधले जाण्याची ही गोष्ट बायबललाही ठाऊक आहे. नहेम्या या अधिकाऱ्याच्या काळात, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, यरुशलेमच्या लोकांनी धान्यासाठी शेते आणि घरे गहाण टाकली होती. मुलेबाळे दास्यात गेली होती. नहेम्याने त्यांना काटकसरीचा उपदेश केला नाही. त्याने सरदारांना सभेत उभे करून शेते, घरे आणि घेतलेले व्याज परत करायला लावले.

दोन्ही एकत्र

‘नीतिसूत्रां’च्या अखेरच्या अध्यायात लमुएल राजाची आई त्याला दारूपासून दूर राहायला सांगते. तिचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे: प्यालेला राजा कायदा विसरेल आणि दुबळ्यांचा न्याय बिघडवेल. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी तू बोल, असेही ती म्हणते. त्याच अध्यायात कर्तबगार गृहिणीचा गौरव आहे. सत्तेचा न्याय आणि घरातली चूल इथे शेजारी शेजारी ठेवली आहेत.

मोखाड्यात हेच लागू पडते. बायका एकजुटीने दारूभट्टी बंद पाडतात, तेव्हा त्या आपले घर वाचवतात. पण त्याच बाईची रोजगार हमीची मजुरी थकली, तर तिला पुन्हा बयाण्याकडेच हात पसरावा लागतो. २००५ च्या केंद्रीय कायद्याने मजुरीसाठी १५ दिवसांची मुदत घातली. बायबलची मुदत सूर्यास्ताची आहे. गरिबाला संसार नीट कर म्हणून सांगणाऱ्या प्रत्येकाने आधी त्याचा दाम वेळेवर त्याच्या हातात पडतो ना, हे पाहावे. बापाने राग आवरावा, आईबापांनी मुलांत भेद करू नये, बाटली घराबाहेर राहावी, हे सारे खरेच. पण त्याबरोबर ठेकेदाराने आणि सरकारनेही त्या उंबऱ्याचा मान राखला पाहिजे. तरच ते घर टिकेल.