वादळानें पडलेल्या झाडांचें लाकूड व त्याची किंमत

ता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ दिवेआगराजवळ किनाऱ्यास लागलें व रायगड जिल्ह्यांतील नारळी-पोफळीच्या वाड्या आणि आंबा-फणसाचीं जुनीं झाडें आडवीं झालीं, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. अशा प्रसंगीं पंचनाम्यांत झाडांचे नग मोजतात. आम्हींही नोकरीच्या काळांत असे तक्ते पुष्कळ भरले. परंतु पडलेला फणस तुळईच्या कामाचा कीं चुलीच्या, हा रकाना त्यांत कोठेंच नसे. बागाइतदाराच्या हातीं काय येणार, हें मात्र त्यावरच ठरतें.

मुळांसकट उन्मळलेल्या झाडाचीं कांहीं मुळें एका बाजूनें जमिनींत राहतात. त्यांतून ओल मिळत असल्यानें खोड कांहीं आठवडे ताजें राहूं शकतें. म्हणून गिऱ्हाईक ठरेपर्यंत तें बुडाशीं तोडूं नये. मधोमध मोडलेल्या झाडास अशी सवड नाहीं. मोडीच्या भेगांतून पाऊस आंत शिरतो व बुरशी आणि भुंगेरे कामास लागतात. आंब्याचें लाकूड तर फारच नाजूक. त्यावर निळसर-काळे डाग पडतात, कीड लागते, आणि फळ्यांचा माल जळणाच्या भावानें जातो. सागाचा व फणसाचा गाभा टिकाऊ असतो. सबब मोडका आंबा प्रथम काढावा, साग-फणस मागाहून. साग वाहून नेण्यास वनखात्याचा परवाना लागतो, त्याचा अर्ज मात्र पंचनाम्याबरोबरच द्यावा.

याहून वाईट दोष डोळ्यांस दिसत नाहीं. वाऱ्यानें खोड वाकतें, तेव्हां ज्या अंगास तें वाकतें तिकडील तंतू दाबले जाऊन चुरडतात व आडवी बारीक सुरकुती पडते. ती बहुधा रंधा मारल्यावरच उमगते. असली तुळई भाराखालीं अकस्मात् मोडते. वखारवाला हें जाणतो व संशयानें सगळ्याच ढिगाचा भाव पाडतो. त्यांत गांवोगांवचा माल एकदम बाजारांत आलेला! अशा वेळीं उक्ता सौदा करूं नये. मोडीपासून भेग संपेपर्यंतचा तुकडा आपणच जळणांत काढावा, ओंडक्याच्या तोंडांस डांबर फांसावें, आणि चांगला माल घनफुटानें मोजून द्यावा.

माडाची तऱ्हा उलटी. त्याचें कठीण लाकूड बाहेरच्या अंगास असतें, आंत भुसभुशीत. तें विकलें न गेलें तरी वाडींत कुजूं देऊं नये; तसल्या खोडांत गेंड्या भुंगा अंडीं घालतो व पुढें उभ्या माडांचे कोंब पोखरतो.

तोडणाऱ्या गड्यांस एक ताकीद अवश्य द्यावी. उन्मळलेलें खोड बुडाशीं कापतांच मुळांचा गड्डा मातीसकट एकाएकीं परत खड्ड्यांत बसतो. त्या बाजूस कोणासही उभें राहूं देऊं नये.