फाइलला आपला पत्ता माहीत नसतो

(मुलुंड येथील व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)

आजची मागणी ऐकायला साधी आहे. "ही एक डिरेक्टरी आणि तिच्या पोटातलं सगळं, यात काही बदललं की मला कळव. बाकीचं नको." लिनक्सच्या कर्नलला हे एका वाक्यात सांगता यायला हवं, नाही का? पण येत नाही. का, ते बघू.

आधी माझी फजिती सांगतो. अंधेरीतल्या एका कार्यालयासाठी मी बॅकअपचा छोटा प्रोग्राम लिहिला होता. प्रत्येक प्रकरणाचा नवा फोल्डर तयार व्हायचा आणि लगेच त्यात स्कॅन केलेली पानं पडायची. पुढे डिस्क गेली. बॅकअप उघडला, तर फोल्डर सगळे जागेवर, पण कित्येकांतलं पहिलं पान गायब! एररचा कुठे पत्ता नाही.

मी आयनोटिफाय वापरलं होतं. रॉबर्ट लव्ह आणि जॉन मॅककचन यांचं हे काम २००५ साली कर्नल २.६.१३ मध्ये आलं. त्याचा पहारा एकाच डिरेक्टरीपुरता असतो. आतल्या प्रत्येक डिरेक्टरीवर वेगळा पहारा बसवावा लागतो. म्हणजे इमारतीत मजल्यागणिक एक वॉचमन. प्रत्येक पहाऱ्याला साधारण १ किलोबाइट मेमरी लागते, आणि संख्येला मर्यादा असते. बरीच वर्षं ती प्रत्येक वापरकर्त्यामागे ८,१९२ होती.

पण मला नडली ती वेळेची फट. नवा फोल्डर झाल्याची सूचना मला मिळणार, मग मी तिथे पहारा बसवणार. तेवढ्यात पहिलं पान पडूनही गेलेलं. ते कुणी पाहिलंच नाही.

मग फाटकावरच एक वॉचमन ठेवला तर? तीही सोय आहे, फॅनोटिफाय. २०१८ च्या अखेरीस आलेल्या ४.२० पासून अख्ख्या फाइल सिस्टमवर एकच पहारा ठेवता येतो. २०१९ च्या ५.१ पासून फाइल तयार झाली, पुसली, हलवली हेही त्यातून कळतं. मात्र त्यासाठी साधारणपणे प्रशासकाचे अधिकार लागतात. शिवाय आता गावभरच्या बातम्या तुमच्याकडे. ब्राउझरची कॅश, लॉग, सगळं. तुम्हाला हव्या त्या मूठभर, आणि गाळत बसायचं तुम्ही.

तुम्ही म्हणाल, कर्नलनेच गाळून द्यावं. खरी गोम इथे आहे. कर्नलच्या लेखी फाइल म्हणजे इनोड, आणि इनोडमध्ये पत्ता नसतो. नाव असतं डिरेक्टरीत. एका इनोडला दोन नावं असू शकतात, त्याला हार्ड लिंक म्हणतात. समजा, एक जोडी फ्लॅट आहे. एक दार ए विंगमध्ये उघडतं, दुसरं बी विंगमध्ये. आत दिवा लागला, तर तो कुठल्या विंगमध्ये लागला?

दुसरं, डिरेक्टरी हलवणं. एकाच फाइल सिस्टमवर तुम्ही मोठी डिरेक्टरी दुसरीकडे नेलीत, तर आतल्या हजारो फाइलींना हातही लागत नाही. फक्त वरची एक नोंद बदलते. पत्ता मात्र सगळ्यांचा बदलला! आता प्रत्येक फाइलवर "ही अमुक झाडातली" असा शिक्का मारून ठेवला असेल, तर ते सगळे शिक्के एका क्षणात खोटे.

शिक्का नको, तर प्रत्येक घटनेला पालक, त्याचा पालक असं मुळापर्यंत चढून बघायचं. सध्या कर्नल सूचनेसाठी एकच पायरी वर बघतो: थेट पालकावर पहारा आहे का? ते स्वस्त पडतं. पूर्ण चढायचं म्हटलं, तर प्रत्येक वाचन-लेखनावर तो भार येणार, आणि चढता चढताच कुणी मधली डिरेक्टरी हलवली तर उत्तर चुकणार.

तोवर आपण काय करायचं? पहारा आधी बसवा, मग डिरेक्टरी एकदा स्वतः वाचून काढा. एखादं पान दोनदा दिसेल. चालेल, सुटता कामा नये. सूचनांची रांग भरून वाहिली असा इशारा आला, तर अख्खं झाड पुन्हा तपासा. आणि शक्य असेल तिथे महत्त्वाच्या कागदांना स्वतंत्र फाइल सिस्टम द्या, म्हणजे झाड आणि फाटक एकच होतं.

श्रोत्यांतून प्रश्न: म्हणजे सूचनेवर विश्वास ठेवायचाच नाही?

उत्तर: ठेवायचा, पण दारावरच्या बेलवर ठेवतो तेवढाच. बेल वाजली की उठायचं. कोण आलंय, ते दार उघडूनच बघायचं.