मास्क लावल्यानंतरचे दोन तास

श्वास अपुरा पडला की घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावणं हा एकच उपाय उरतो, असं आजही अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात घट्ट बसणाऱ्या मास्कमधून दाबाने हवा देऊन पुष्कळांची नळी टाळता येते. सीओपीडी (फुप्फुसांतल्या हवेच्या वाटा अरुंद करणारा जुनाट आजार) बळावला की श्वासाचे स्नायू थकतात, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि रक्ताची आम्लता वाढते. अशा वेळी श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं यंत्र त्या स्नायूंचा भार उचलतं. डॉ. लोराँ ब्रोशार यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अशा ८५ रुग्णांपैकी नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ७४ टक्क्यांना नळी घालावी लागली, मास्कवाल्यांत २६ टक्क्यांना. मृत्यूही २९ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. तरी याचं सारं श्रेय मास्कला देणं मला धोक्याचं वाटतं. रुग्ण सुधारतोय की ढासळतोय हे पहिल्या एकदोन तासांतच कळू लागतं, आणि ते पाहणारं माणूस जवळ नसेल तर नळीची वेळ हातची जाते.

लहान मुलांच्या न्यूमोनियात हे फारच स्पष्ट दिसलं. फुप्फुसात सतत दाब टिकवणाऱ्या बबल सीपॅप या साधनाची रचना अगदी साधी असते. बाळाच्या नाकात ऑक्सिजनच्या छोट्या नळ्या, आणि उच्छ्वासाच्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं. टोक पाच सेंटिमीटर खोल असेल तर फुप्फुसात साधारण तेवढाच दाब टिकतो. बुडबुडे थांबले की समजायचं, नळी नाकातून सरकली आहे किंवा हवा कुठेतरी गळते आहे. ढाक्यात डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती आणि सहकाऱ्यांनी स्वस्तात जुळवलेल्या अशा साधनाची चाचणी घेतली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नेहमीच्या मंद प्रवाहाच्या ऑक्सिजनवर १५ टक्के मुलं दगावली, बबल सीपॅपवर ४ टक्के. मग मलावीतल्या एका जिल्हा रुग्णालयात ६४४ मुलांवर चाचणी झाली. तिथे ढाक्यासारखी डॉक्टरांची रोजची देखरेख नव्हती. २०१९ मध्ये निकाल आला तो उलटा: सीपॅपवर १७ टक्के मृत्यू, साध्या ऑक्सिजनवर ११ टक्के.

मलावीतली बरीच मुलं एचआयव्ही, कुपोषण यांनी आधीच खंगलेली होती, मग दोष देखरेखीचा कसा, असं कुणी विचारेल. ही शंका रास्त आहे, आणि एका चाचणीवरून देखरेखीचा वाटा नेमका मोजताही येत नाही. पण मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली होती, त्यामुळे खंगलेपण दोन्हीकडे सारखंच होतं. तरीही जास्त मृत्यू दाबाच्या बाजूला झाले. दाबाने पोट फुगू शकतं, दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि या गोष्टी वेळेत टिपायला सरावलेली नजर लागते. ‘काहीच नसण्यापेक्षा यंत्र बरं’ हा युक्तिवाद म्हणूनच मला पटत नाही. जिथे ती नजर नाही तिथे नीट दिलेला साधा ऑक्सिजनच जास्त सुरक्षित.

एवढे डॉक्टर आणायचे कुठून, हा प्रश्न खरा अवघड. पण नजर डॉक्टरचीच हवी असं नाही. ब्रिटनमधल्या १४ रुग्णालयांत सीओपीडीच्या २३६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत साध्या वॉर्डांमध्ये प्रशिक्षित परिचारिकांनीच मास्कचा उपचार चालवला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यू २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. ज्यांच्या रक्ताचा पीएच सुरुवातीलाच ७.३० च्या खाली, म्हणजे आम्लता फार वाढलेली होती, त्यांना मात्र वॉर्डात तितकासा गुण आला नाही. त्यांची जागा अतिदक्षता विभागातच.