डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घरीच गांजा? कॅनडाचा कायदा काय सांगतो?

कॅनडात औषध म्हणून गांजा घेणाऱ्या रुग्णाला तो घरी पिकवता येतो. हा हक्क टिकला तो न्यायालयीन लढ्यामुळे. २०१४ मध्ये नव्या नियमांनी घरगुती लागवड बंद करून परवानाधारक कंपन्यांकडूनच खरेदी सक्तीची केली. परवडणारे औषध हातचे जाईल म्हणून रुग्ण न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये हे नियम घटनाबाह्य ठरले आणि ऑगस्टपासून लागवडीची मुभा देणारे नवे नियम आले.

परवानगी कशी मिळते?
डॉक्टर रोजची मात्रा ग्रॅममध्ये लिहून देतात. त्या आधारे ‘हेल्थ कॅनडा’कडे नोंदणी होते. रोजच्या १ ग्रॅममागे घरात ५ किंवा बाहेर २ झाडे लावता येतात. आजारपणामुळे जमत नसेल, तर दुसऱ्या व्यक्तीला नेमता येते. विक्रीला मात्र मनाई आहे.

भारतात काय?
१९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार विनापरवाना गांजाचे एक झाड लावणेही गुन्हा आहे. १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कॅनडातून मायदेशी येणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे: वैद्यकीय परवानगी असली तरी गांजा सीमेपार नेणे तिथेही गुन्हाच आहे.